मावशीचा टीव्ही कोणत्या रकान्यात?

मावशीच्या घरावर पत्रे आहेत आणि पत्र्यांवर छत्री. जिंतूर तालुक्यातल्या त्या गावात बऱ्याच घरांवर अशा छत्र्या दिसतात. एकदाच दीड-दोन हजार रुपये मोजायचे, पोराला वर चढवून छत्रीचं तोंड नीट करून घ्यायचं, की मग महिन्याला काही भरायचं नाही. दिवाळीत गेलो होतो तेव्हा शनिवारी रात्री नऊच्या सुमारास टीव्हीवर एक नायक एका दमात पंधरा माणसं हवेत उडवत होता. बोलत होता हिंदी, ओठ हलत होते तेलुगूत, आणि मावशी शेंगा फोडत त्याच्या आईची बाजू घेऊन मराठीत भांडत होती.

मी रिमोट घेतला आणि कुठे एखादा मराठी सिनेमा लागलाय का ते शोधू लागलो. दोन सापडले. एक माझ्या जन्माच्या आसपासचा विनोदी, इतक्यांदा दाखवलेला की मावशीला संवाद पाठ. दुसऱ्याची प्रिंट एवढी धुवट की पडद्यावर दिवस आहे की रात्र ते कळेना. खाली पट्टी, वर पट्टी, कोपऱ्यात वाहिनीचं नाव गोल फिरत असलेलं. मावशी म्हणाली, "ते आधीचंच लाव बाबा. त्यात निदान तोंडं तरी दिसतेत."

तिचं बरोबरच होतं. तिच्या आवडीबद्दल माझी काही तक्रार नाही. मला कुतूहल आहे ते नऊ वाजता तिच्या ताटात काय वाढायचं हे कोण ठरवतं याचं. आणि त्याहून जास्त याचं, की ज्या सरकारी संस्थेच्या, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीच्या, छत्रीतून हे सगळं येतं, तिने या वाढपातून अंग का काढून घेतलंय.

टीव्हीच्या जाहिरातबाजारात देशाचे ढोबळ दोन भाग पडतात. दक्षिणेत प्रत्येक भाषेचा वेगळा हिशेब. उरलेला सगळा मुलूख मात्र 'एचएसएम', म्हणजे हिंदी स्पीकिंग मार्केट. महाराष्ट्र या दुसऱ्या भागात मोडतो. मराठी वाहिन्यांसाठी महाराष्ट्र-गोवा असा वेगळा हिशेब ठेवतात हे खरं, पण मावशी जेव्हा हिंदीत डब केलेला तेलुगू सिनेमा बघते तेव्हा जाहिरातदाराच्या वहीत ती हिंदी प्रेक्षक असते. तिला हिंदी बोलता येत नाही, बाजारात गेली तर 'कितने का' याच्या पुढे गाडी सरकत नाही. वहीला त्याचं काय?

आता हिंदी वाहिनीवरचे जाहिरातीचे दहा सेकंद एकदा विकले की ते बिहारपासून बारामतीपर्यंत दिसतात. मराठी वाहिनीवरचे तेच दहा सेकंद महाराष्ट्र आणि गोव्यापुरते. म्हणजे हैदराबादेतला सिनेमा हिंदीत डब करून आणणाऱ्याला मावशी आणि तिच्यासोबत सबंध उत्तर भारत मिळतो, तर मराठी सिनेमा घेणाऱ्याला फक्त मावशी. सिनेमा बरा की वाईट हा मुद्दा निघण्याआधीच गणित सुटलेलं असतं.

सिनेमा वाहिनीवर येतो कसा, हे बाहेरच्याला सहसा माहीत नसतं. निर्माता सिनेमा टीव्हीवर दाखवायचे हक्क विकतो, त्याला या धंद्यात 'सॅटेलाइट' म्हणतात. 'सॅटेलाइट गेलं का?' हा प्रदर्शनाच्या आधी निर्मात्याला हमखास विचारला जाणारा प्रश्न. त्यात अमुक वर्षांची मुदत असते, अमुक वेळा दाखवायची मुभा असते, आणि बहुतेकदा तो सिनेमा त्या काळात दुसऱ्या कोणी दाखवायचा नाही अशी अट असते. विकत घेणारा मोठा असेल तर गठ्ठ्याने घेतो. एक गाजलेला सिनेमा आणि त्याच्या जोडीला न चाललेले सात-आठ. पेटीत वरच्या थरात हापूस, खाली काय आहे ते घरी गेल्यावर बघा. या खालच्या थरातले सिनेमे मग दुपारी दोनला, पहाटे पाचला लागतात, कारण पैसे तर देऊन झालेले असतात.

जुन्या सिनेमांचं आणखी वेगळं. नव्वदच्या दशकात उपग्रह वाहिन्या आल्या तेव्हा अनेक निर्मात्यांनी आपल्या सिनेमांचे हक्क एकरकमी, कायमचे विकून टाकले. त्या वेळी जुन्या मराठी सिनेमाला पुढे तीस वर्षं गिऱ्हाईक असेल असं कोणाला वाटलं होतं? व्हिडिओ कॅसेटच्या धंद्यातल्या लोकांना मात्र वास आला. शेमारू ही कंपनी १९६२ मध्ये मुंबईत पुस्तकं भाड्याने देणारं वाचनालय म्हणून सुरू झाली होती. आज तिच्याकडे सिनेमांचा मोठा साठा आहे आणि २०२० पासून स्वतःची मराठी चित्रपट वाहिनीसुद्धा. पुस्तक एकदा घ्यायचं आणि शंभरदा भाड्याने द्यायचं, हे वाचनालयाचं गणित सिनेमाला तसंच लागू पडलं. मावशीला जो विनोदी सिनेमा पाठ झालाय, त्याच्यामागे हेच गणित आहे. ज्याचे पैसे कधीच फिटलेत असा सिनेमा दाखवण्यासारखी स्वस्त गोष्ट नाही.

डबिंगवाल्यांची चलाखी याहून मोठी. गोल्डमाइन्स कंपनीच्या मनीष शाह यांनी तेलुगू-तमिळ सिनेमांचे हिंदी डबिंगचे हक्क घेणं सुरू केलं तेव्हा हिंदी सिनेमावाले त्यांना हसत असणार. नावं तरी कशी, कुठे 'खतरनाक', कुठे 'डेंजरस', आणि जिथे तिथे 'खिलाडी'. पण २०२२ मध्ये काय झालं बघा. 'अला वैकुंठपुरमुलू' हा २०२० चा तेलुगू सिनेमा. 'पुष्पा' हिंदीत तुफान चालल्यावर त्याचा हिंदी अवतार जानेवारी २०२२ मध्ये थिएटरात आणायचं ठरलं. त्याचा हिंदी रिमेक बनत होता, त्यामुळे त्या निर्मात्यांच्या पोटात गोळा आला. बोलणी झाली, थिएटरचं प्रदर्शन रद्द झालं. आणि ६ फेब्रुवारीला तो सिनेमा शाह यांच्याच ढिंचॅक वाहिनीवर, फुकटात, घरोघरी लागला. हक्क ज्याच्या हातात, थिएटर की टीव्ही हे तोच ठरवतो. वाहिनीही त्याचीच असली तर विचारायलाच नको. मराठी निर्मात्याकडे यातलं काहीच नसतं. ना वाहिनी, ना वाट बघायला पैसा, आणि आता तर गिऱ्हाइकंही कमी. नोव्हेंबर २०२४ मध्ये डिस्ने स्टार आणि वायकॉम १८ एकत्र आले, म्हणजे स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी एका छपराखाली गेले. काल दोन दारं होती, आज एक.

आता छत्रीकडे येतो.

डिसेंबर २००४ मध्ये प्रसार भारतीने ही सेवा सुरू केली, तेव्हा तिचं नाव होतं डीडी डायरेक्ट प्लस. आज आपण तिला फ्री डिश म्हणतो. जमिनीवरचे जुने ॲनालॉग ट्रान्समीटर २०२२ पर्यंत जवळपास सगळे बंद झाले, त्यामुळे छपरावरचा अँटेना गेला आणि फुकट टीव्ही म्हणजे हीच छत्री असं समीकरण झालं. देशात चार कोटींहून जास्त घरांत ती असावी असे अंदाज आहेत. खासगी वाहिन्यांना छत्रीवर जागा हवी असेल तर ई-लिलावात बोली लावावी लागते. वाहिनी कोणत्या भाषेची आणि कोणत्या प्रकारची यावर मूळ बोली ठरते. हिंदी मनोरंजन सर्वांत वर, प्रादेशिक वाहिन्या खाली. प्रादेशिक वाहिन्यांना ही सवलतच आहे, नाही कशाला म्हणू? तिच्यामुळेच फक्त मराठी, शेमारू मराठीबाणा यांसारखी नावं मावशीच्या रिमोटवर आली. पण सवलतीतली जागा भरून काढायलाही जाहिरात लागतेच, आणि मराठीचा जाहिरातबाजार किती ते वर आलंच आहे. मग वाहिनीवाला नवा सिनेमा घेईल की ज्याचे पैसे फिटलेत तो?

टीव्हीवर कोण काय बघतं ते मोजणाऱ्या बार्क या संस्थेने २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये ग्रामीण घरांचं मोजमाप सुरू केलं. त्याआधीची मोजणी बहुतांशी शहरांपुरती होती. गावं मोजली गेली तशी मावशीची किंमत एकदम वाढली आणि फुकट वाहिन्यांची आठवड्याच्या यादीत वर चढायला स्पर्धा लागली. मोठ्या प्रसारण समूहांनी जुन्या मालिका फुकट वाहिन्यांवर टाकल्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये ट्राय या नियामक संस्थेची वाहिन्यांसाठी नवी दरप्रणाली आली, तशा मार्चमध्ये या समूहांनी आपल्या त्या वाहिन्या छत्रीवरून उचलल्या. २०२० मध्ये परत आल्या. एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा गेल्या. बघणाऱ्याला कोणी सांगितलं नाही, विचारायचा तर प्रश्नच नव्हता. फुकट मिळतंय म्हणजे मागणी करता येत नाही, हे आपल्याकडे सगळ्यांनीच, बघणाऱ्यांनीसुद्धा, मनोमन मान्य केलंय.

पण फुकट काहीच नाही. कायद्यानुसार तासाला बारा मिनिटं जाहिराती आणि वाहिनीची स्वतःची जाहिरात, एवढी मुभा आहे. म्हणजे अडीच तासांचा सिनेमा नियमाने दाखवला तरी जवळपास तीन तास आठ मिनिटं जातात. ती अडतीस मिनिटं मावशी मोजते, साबणाच्या आणि सिमेंटच्या जाहिराती बघत. पुढे दुकानात साबण घेते तेव्हा त्या किमतीतही जाहिरातीचा वाटा असतोच.

आणि या व्यवहारात प्रसार भारती काय करते? भाडं घेते. लिलावातून वर्षाला शेकडो कोटी रुपये येतात. मला या भाड्याबद्दल आकस नाही. सरकारी संस्थेने चार पैसे कमावले तर कमवावेत. पण वाड्याच्या मालकाने सगळ्या खोल्या भाड्याने द्याव्यात आणि देवघरसुद्धा रिकामं ठेवावं, तसं झालंय. सिनेमाच्या बाजारात दूरदर्शन आज घरमालक आहे, गिऱ्हाईक नाही.

पूर्वी होतं. सह्याद्रीवर रविवारी दुपारी चारला मराठी सिनेमा लागायचा तेव्हा आमच्या गल्लीत क्रिकेटसुद्धा थांबायचं. राष्ट्रीय वाहिनीवर रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांतले पुरस्कारविजेते सिनेमे इंग्रजी उपशीर्षकांसह दाखवत. आम्ही ते कंटाळत बघितले, हे कबूल. आसामी, मल्याळी, संथ, पावसाचे. तरी आज माझ्या पिढीतल्या कितीतरी मराठी माणसांना बंगाली सिनेमा म्हणजे काय याची जी थोडीफार कल्पना आहे ती त्या कंटाळ्यातून आलेली आहे.

परदेशातून आणलेल्या मालिकांचीही एक रीत होती. मोगलीची जपानी कार्टून मालिका १९९३ मध्ये दूरदर्शनवर आली तेव्हा ती नुसती डब केलेली नव्हती. शीर्षकगीत गुलजारांनी लिहिलं, संगीत विशाल भारद्वाज यांचं, शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा. जपानहून आलेला माल इथल्या हातांनी इतका घोटला की तो परका आहे हे पोरांच्या डोक्यातही आलं नाही. आयात केलेलं स्वस्त असतं म्हणून वाईटच असतं असं नाही. काही वेळा ते चक्क फुकट असतं. जपान फाउंडेशनने 'ओशिन' ही मालिका अनेक विकसनशील देशांच्या वाहिन्यांना विनामूल्य दिली होती. देणाऱ्याचा त्यात हेतू असतो, असेना का. घेणारा डोळस असला की झालं.

दूरदर्शन डोळस गिऱ्हाईक नेहमी होतं असं मात्र मी म्हणणार नाही. २८ मार्च २०२० पासून 'रामायण' पुन्हा दाखवलं आणि १६ एप्रिलला एका दिवशी ७.७ कोटी लोकांनी ते बघितल्याचं दूरदर्शननेच जाहीर केलं. त्यासाठी ती मालिका सागर कुटुंबाकडून मिळवावी लागली. ऐंशीच्या दशकातल्या प्रायोजित मालिकांची पद्धतच तशी: वेळ दूरदर्शनची, पैसा प्रायोजकाचा, मालकी निर्मात्याची. ज्या संस्थेमुळे मालिका घराघरांत पोचली तिच्याकडे पुढे दाखवायला हक्क उरले नाहीत.

यापेक्षा कडू आठवण आनंद पटवर्धन यांच्या माहितीपटांची. मुंबईचा हा दिग्दर्शक राष्ट्रीय पुरस्कार मिळवायचा आणि दूरदर्शन त्याचे माहितीपट दाखवायला नकार द्यायचं. झोपडपट्ट्यांवरचा 'हमारा शहर' असो की 'राम के नाम', प्रत्येक वेळी कोर्टाची पायरी. 'पितृ, पुत्र और धर्मयुद्ध' हा तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००६ मध्ये न्यायालयाने दूरदर्शनला तो दाखवायला लावला. माहितीपट होता १९९५ चा. अकरा वर्षं!

म्हणून कोणी म्हणेल की असल्या संस्थेच्या हातात सिनेमा खरेदीचे पैसे द्यायचे कशाला. समिती बसेल, समितीतले लोक आपापल्या ओळखीचे सिनेमे घेतील, उरलेले पैसे परत जातील. हा आक्षेप मला पूर्ण पटतो. दुसरा आक्षेप मावशीचाच आहे: लोकांना मारामारी आवडते, तुम्ही कोण सांगणारे? तोही निम्मा पटतो. निम्माच, कारण आवड ही वेळेवर आणि प्रिंटवरही ठरते. चांगल्या प्रिंटचा, नऊ वाजता लागलेला, आधी दहादा न बघितलेला मराठी सिनेमा तिच्यासमोर ठेवून तिने तो नाकारला असता तर मी मुकाट्याने शेंगा फोडल्या असत्या. तशी परीक्षाच झालेली नाही.

थिएटरच्या बाबतीत आपण ही परीक्षा घ्यायला निघालो होतो. एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना प्राइम टाइमला मराठी सिनेमा दाखवायला सांगितलं. केवढा गदारोळ झाला. लेखिका शोभा डे यांचं विरोधातलं ट्वीट, त्यांच्यावर हक्कभंगाची नोटीस, त्यांच्या घरासमोर निषेधाचा वडापाव. शेवटी सहा ते नऊची वेळ बारा ते नऊ अशी ताणली गेली आणि प्रकरण निवलं. त्या सगळ्या आरडाओरड्यात एकाही पुढाऱ्याला टीव्हीवरचा प्राइम टाइम आठवला नाही. मल्टिप्लेक्स जिंतूरच्या त्या गावापासून कितीतरी कोस लांब. छत्री डोक्यावर आहे. तीही सरकारचीच.

बाहेर बघायचं तर फ्रान्समध्ये सरकार सिनेमा आणि टीव्ही यांच्यातलं भांडण गेली कित्येक दशकं नियमांनी सोडवत आलंय. फुकट वाहिन्यांनी आपल्या उत्पन्नातला ठरावीक वाटा सिनेमानिर्मितीत घालायचा, दाखवलेल्या सिनेमांत ६० टक्के युरोपीय आणि ४० टक्के फ्रेंच भाषेतले असायचे. थिएटरं चालावीत म्हणून बुधवार, शुक्रवार, शनिवारच्या रात्री टीव्हीवर सिनेमा दाखवायचाच नाही, असाही नियम होता. तो ऑगस्ट २०२० मध्ये बराचसा सैल केला. ब्रिटनमध्ये १९८२ साली सुरू झालेली चॅनल फोर ही वाहिनी मालकीने सार्वजनिक आणि जगते जाहिरातींवर, तरी तिने पहिल्यापासून सिनेमांत पैसे घातले. फ्रान्सचा आकडा उचलून इथे चिकटवावा असं मला मुळीच वाटत नाही. आपल्याकडे ४० टक्क्यांचा नियम केला तर ते ४० टक्के पहाटे भरले जातील, याची मला खात्री आहे. दुपारी दोन ते पाच आणि मध्यरात्रीनंतर, सगळं मराठी.

मला हवंय ते त्याहून फार लहान आहे. लिलावाच्या भाड्यातला एक छोटा वाटा प्रत्येक भाषेच्या सिनेमा खरेदीसाठी बाजूला काढावा. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर सह्याद्रीवर आठवड्यातून एक रात्र, नऊ वाजता. वर्षाचे ५२ सिनेमे. निवडीला समिती नको, नियम हवा: राष्ट्रीय किंवा राज्य पुरस्कार मिळालेला आणि टीव्हीला चालेल असं प्रमाणपत्र असलेला प्रत्येक मराठी सिनेमा, ज्या क्रमाने पुरस्कार मिळाले त्या क्रमाने, जाहीर केलेल्या एकाच दराने घ्यायचा. निर्मात्याने नको म्हटलं तर पुढचा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर सेन्सॉर मंडळाला टीव्हीसाठी वेगळं प्रमाणपत्र देता येतं, त्यामुळे प्रौढांसाठीच्या सिनेमांचीही वाट अगदी बंद नाही. नियमातला सिनेमा टाळायचा झाला तर दूरदर्शनने कारण लेखी द्यावं, म्हणजे पुढच्या पटवर्धनांना अकरा वर्षं लागणार नाहीत.

हक्क मात्र सगळे घ्यायचे नाहीत. वर्षभराची मुदत, दोन प्रक्षेपणं, आणि बाकी कोणालाही विकायची निर्मात्याला पूर्ण मोकळीक. असा करार स्वस्तात होतो, कारण निर्मात्याचं त्यात काही जात नाही. उलट ज्याचं 'सॅटेलाइट' गेलेलंच नाही त्याला पहिलं गिऱ्हाईक मिळतं, आणि गठ्ठ्यात खालच्या थराला जाण्याऐवजी दुसऱ्या वाहिनीशी बोलताना हातात काहीतरी असतं. जाहिराती फक्त मध्यंतरात घ्याव्यात. आमच्या लहानपणी मध्यंतर झालं की घरातले सगळे एकदमच उठायचे; जाहिरातदाराला ते आवडणार नाही, पण इथे तो नवरदेव नाहीच.

'श्यामची आई' ते 'कासव', सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालेले मराठी सिनेमे पाच. 'श्वास', 'देऊळ' आणि 'कोर्ट' हे मधले. मावशीला यांतला एक माहीत आहे, तोही शाळेत दाखवला होता म्हणून. मी 'कासव'ची गोष्ट तिला थोडक्यात सांगितली. कोकणचा किनारा, कासवांची अंडी, जगायला नको म्हणणारा एक मुलगा आणि त्याला काही न विचारता घरी आणणारी बाई.

"मग पुढं?" तिने विचारलं. टीव्हीवर नायकाने सोळावा माणूस उडवला होता आणि जाहिराती लागल्या होत्या. मी पुढचं सांगायला लागलो, तर तिने हातानेच थांबवलं. "सांगू नको. लागला की बघते."